सापडलेलं सोनं

हौगांग, सिंगापूर
९ सप्टेंबर २०१७

प्रिय आई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणत तू उल्हासमामाला हाक मारशील, म्हणून आधीच सांगते. चष्मा लाव आणि एकटीनेच वाच. मामाला वाचून दाखवायला सांगू नकोस.

इकडचे गणपती छान झाले. मंडळात यंदा मोदक फार उरले, कारण सुलेखाने सारणात वेलची सोडून जायफळच जायफळ घातलं होतं. तिला कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी नुसते कागदी ताटल्यांखाली लपवले. आर्या लेझीम खेळली. चारुदत्तचा गुडघा अजून कुरकुरतोच. खाली चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू आहे. पत्र्याच्या पिंपात कागद जाळतात, त्याची राख आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसते. आपलाही पितृपक्ष लागला. बाबांच्या तिथीला तू भाजणीचे वडे करशील, ते आठवलं. एवढं सगळं लिहून झालं, आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, "गार्गी, तू हल्ली मला काही विचारत नाहीस. पूर्वी साबुदाणा किती वेळ भिजवू, यालासुद्धा फोन करायचीस. माझं काही चुकलं का गं?" मी "नाही" म्हणाले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. आर्या बालवाडीत होती तेव्हाची गोष्ट. मी तुला एकदा बिल्डिंगच्या खालून फोन केला होता. लिफ्टपाशी मला सोन्याची साखळी सापडली होती, हिरव्या दगडाचं पदक असलेली. तू लगेच म्हणालीस, "सापडलेलं सोनं लाभत नाही. उंबऱ्याच्या आत आणू नकोस. आधी देवाच्या पेटीत टाक आणि मगच घरात पाऊल ठेव." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तशीच मागे फिरले, बस पकडली, देवळात जाऊन साखळी दानपेटीत टाकली, नमस्कार केला आणि घरी येऊन पाय धुतले. फार मोकळं वाटलं होतं. तुलाही लगेच कळवलं होतं, तू "शहाणी गं माझी" म्हणालीस.

चार-सहा दिवसांनी दोन पोलीस आले. सभ्य होते, बूट काढून आत येऊ का विचारत होते. साखळी आमच्याच मजल्यावरच्या मादाम लिम नावाच्या आजींची होती, त्यांच्या नवऱ्याने दिलेली, आणि तो नुकताच गेला होता. लिफ्टच्या कॅमेऱ्यात मी दिसत होते. वाकले, उचललं, इकडेतिकडे बघितलं, फोनवर बोलले आणि घरी न जाता लगबगीने बाहेर पडले. आई, ते चित्र मीसुद्धा पाहिलं. मला कुणी दाखवून विचारलं असतं, तर ही बाई चोर आहे असं मीही म्हणाले असते.

पोलीस ठाण्यात जबाब घेतला. मी खरं तेच सांगितलं. पण "लाभत नाही" याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. मी म्हणाले, मला ती घरात ठेवायची नव्हती. अधिकाऱ्याने ते तसंच्या तसं टाइप केलं. पुढे ते वाक्य कोर्टात वाचलं गेलं तेव्हा त्याचा अर्थ पार बदललेला होता. घरात ठेवली तर झडतीत मिळेल, म्हणून ठेवायची नव्हती. देवळातल्या लोकांनी पेटी उघडून साखळी परत दिली, पण दुसऱ्याची वस्तू देवाला देणारी मी कोण, हा प्रश्न राहिलाच. पोलिसांत नेऊन द्यावी हे मला सुचायला हवं होतं. तुला तिथे बसून कसं सुचणार? कॅमेऱ्यासमोर मी उभी होते, तू नाही.

वकील म्हणाले, लढता येईल, पण वर्ष-दीड वर्ष जाईल. चारुदत्त म्हणाला, संपवून टाक. मी गुन्हा कबूल केला. दंडावर सुटले. पण नोंद राहिली, सापडलेली वस्तू बेइमानीने लाटल्याची. आणि मी अकाउंट्समधली बाई. पाया लेबारच्या ऑफिसात साहेबांनी चहा मागवला आणि राजीनामा मागितला.

तुम्हा सगळ्यांना चारुदत्तने सांगितलं की आर्याच्या अभ्यासासाठी मी नोकरी सोडली. तू ते भिशीतल्या सगळ्या बायकांना सांगितलंस. अजून सांगतेस. "आमच्या गार्गीने मुलीसाठी एवढ्या मोठ्या पगारावर पाणी सोडलं." तू असं म्हणतेस तेव्हा फोन कानापासून जरा लांब धरते.

तुझ्यावर मी रागावले होते का, असं तू विचारशील. सुरुवातीला होते, खोटं कशाला बोलू. पोळ्या लाटताना तुझा आवाज ऐकू यायचा, "पेटीत टाक", आणि मी लाटणं आपटायची. पण तो राग काही फार टिकला नाही. त्यानंतर मात्र काहीच वाटेनासं झालं. तुला काही विचारायला फोन उचलला की बोटं थांबायची. साबुदाणा कसा भिजवायचा ते मी इंटरनेटवर बघायला लागले. तुझं न ऐकता केलेली खिचडी चिकट व्हायची, ती आम्ही खायचो.

या ऑगस्टमध्ये पाच वर्षं झाली. इथला कायदा असा, की लहानसा गुन्हा असेल आणि पाच वर्षं माणूस सरळ वागला, तर ती नोंद आपोआप निकामी होते. मग कुणी विचारलं, तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का, तर "नाही" म्हणायचं. ते खोटं धरत नाहीत. घरी काही कागद येत नाही, कुणी सांगायला येत नाही. मी वकिलांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "हो, झालं. अभिनंदन." मी तेव्हा भोपळा चिरत होते. पुन्हा चिरायला लागले.

चारुदत्त संध्याकाळी केक घेऊन आला. पाच वर्षांत तो मला एका शब्दाने टोचून बोलला नाही, पण त्या विषयावरही एका शब्दाने बोलला नाही. केक टेबलावर ठेवून उभाच राहिला. आर्याने विचारलं, "हूज बर्थडे?" तो म्हणाला, कुणाचा नाही, असाच आणला. ती म्हणाली, "नो ओकेजन ऑल्सो कॅन ईट केक आह? ओके लाह." आम्ही तिघांनी खाल्ला. चांगला होता. आंब्याचा.

मला वाटलं होतं की त्या दिवशी रडू तरी येईल, नाहीतर हसू तरी. सुलेखाने तोआ पायोहमधल्या एका दवाखान्यात हिशेबाची नोकरी सुचवली, तो अर्जही भरला. शिक्षा झाली आहे का, या प्रश्नापुढे "नाही" वर खूण केली. वाणसामानाची यादी लिहावी तसं लिहिलं. त्यांनी सोमवारपासून बोलावलंय.

मादाम लिम अजून इथेच राहतात. त्यांनी मला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. पण मी लिफ्टमध्ये शिरले की त्या गळ्यातली साखळी अंगठ्याने सदऱ्याच्या आत सारतात. पाच वर्षं हे चालू आहे. परवाही सारली. माझी नोंद गेलीये, हे त्यांना कोण कळवणार? मीही नेहमीसारखी वर आकड्यांकडे बघत राहिले.

परवा आर्या बरोबर होती. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर तिने मला थांबवलं. "ममा, व्हाय दॅट आह मा ऑल्वेज हाइड हर नेकलेस व्हेन यू कम इन? व्हेन आय अलोन, शी डोन्ट हाइड." मी एकटी असते तेव्हा आजी लपवत नाहीत, असं म्हणाली ती, आई. म्हणजे तिने कितीतरी दिवस बघितलंय, मनात ठेवलंय, आणि मग विचारलंय. अकरा वर्षांची आहे. मी म्हणाले, "तुला भास झाला असेल." ती "ओके" म्हणाली आणि पुढे चालू लागली. तिने दार उघडलं, दप्तर टाकलं, आणि रात्रीपर्यंत मला एकही गोष्ट विचारली नाही. गणितसुद्धा बापाला विचारलं.

तेव्हा मला बधिर पायात मुंग्या याव्यात तसं काहीतरी झालं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. आर्याचं वागणं मला ओळखीचं वाटलं, आणि तू फोन ठेवल्यावर तिकडे कशी बसून राहत असशील तेही डोळ्यांपुढे आलं. जगाला "नाही" म्हणायची मला आता मुभा आहे. तुला मात्र मी पाच वर्षं मुभेशिवायच म्हणत आले.

तुझं चुकलं, आई. माझंही चुकलं. तू मला वाईट काही सांगितलं नव्हतंस. तुझ्या आईने तुला जे सांगितलं तेच तू मला सांगितलंस, आणि त्या आजींचा नवरा गेलाय हे आपल्या दोघींनाही ठाऊक नव्हतं. यापुढे "माझ्यामुळे झालं" म्हणून उपास धरून बसू नकोस. तुला डायबेटिस आहे. आणि भिशीत आता काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी काही सुचवत नाही.

मला तुला एक विचारायचं आहे. आर्याला काय सांगू? चारुदत्त म्हणतो, जे कायद्यानेही पुसलं ते पोरीच्या डोक्यात कशाला भरायचं. सुलेखाला ठाऊकच नाही, तिला विचारणार कसं? मला काही सुचत नाही. विचारावं असं तुझ्याशिवाय माझं कुणी नाही. पत्र मिळालं की फोन कर. मी उचलीन आणि मध्येच ठेवणार नाही. तू सांगशील तसंच करीन.

तुझी,
गार्गी