गुडघ्यावरची टोपी

मखमलाबाद, नाशिक
११ डिसेंबर १९९९

गोरक्ष मास्तर,

नाय ओ, ज्ञानानं रॅकेट-बिकेट काही मोडलं नाय. कोण उठवतं असल्या बातम्या? पुण्याहून येष्टीत बसला, सिन्नरपर्यंत झोपला आणि घरी येऊन ताटभर भाकरी हाणली. फायनल हरलेलं पोरगं जेवत नाय असं कुठं हाय का?

नमस्कार राहिलाच. नमस्कार. इकडं सगळं बरं. शेवंती झकास आली, म्हणून भाव पडला. तुमची दाढी हाय का नव्या मालकानं उतरवली? छातीवर कंपनीचं नाव लावून फिरता म्हणे. टेनिस क्लबात मार्कर होता, साहेबलोकांना चेंडू टाकायचा, तेव्हा सदऱ्याला बटणं नव्हती तुमच्या. मी हार द्यायला यायची ती सुईदोरा घेऊनच. आता कंपनी लावत असंल बटणं.

तुमचं पत्र पोचलं. ज्यानं ज्ञानाला फायनलला हरवलं त्या तुमच्या नव्या चेल्याला, जीवनला, सरावाला जोडीदार पाहिजे, वर्षभर सोबत फिरायचं, विमानाचं तिकीट कंपनीचं. ‘वहिनी, तुम्ही सांगितलं तर ज्ञानेश ऐकंल.’ आणि खाली बारीक अक्षरात, की हा धंदा हाय, कोच आज याचा, उद्या त्याचा, मनाला लावून घेऊ नका.

बरं. नाय लावून घेत.

फक्त एवढंच, की पुण्याला मी आलते. तुम्हाला दिसले नाय. कशी दिसणार, तुम्ही खाली खुर्चीत, मी पार वरच्या पायरीवर, मांडीवर डबा. तुमच्यासाठी पण शेंगदाण्याची चटणी आणलेली. वाटलं, दुसऱ्याचा कोच झाला म्हणून काय माणूस जेवत नाय?

मला त्या खेळातलं काय कळतं? लोकांच्या माना इकडं-तिकडं व्हायच्या, मी आपली तुमच्याकडं बघत बसले. म्हणून तर दिसलं. ज्ञाना पुढं होता. आता हा एक गेम घेतला की संपलं, असं शेजारचा बाप्या म्हणला. तेवढ्यात तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जीवन खाली बसून लेस बांधायला लागला. ज्ञाना चेंडू आपटत उभा. परत टोपी गुडघ्यावर, तर त्याला टॉवेल पाहिजे. मग पायात गोळा आला, डॉक्टर आला, पाय चोळला. तसा धडधाकट होता मेला, नंतर हरणासारखा पळला. आणि माझं पोरगं तिकडं उभंच. ओठ पांढरे पडलेले मला वरून दिसले. मग दोन चेंडू जाळीत. परत दोन जाळीत. हातातली मॅच गेली.

मास्तर, त्याला ताटकळत ठेवलं की त्याचा धीर सुटतो, हे मखमलाबादेत कोणाला ठाऊक नाय. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या पोरांना नाय. तुम्हीच आमच्या ओट्यावर बसून विचारलं होतं, ‘वहिनी, हा जिंकता जिंकता असा का हरतो?’ आणि मी सांगितलं. त्याचे वडील फुलं घेऊन दादरला गेलेले, येताना बूट आणतो म्हणले. पोरगं फाट्यावर जाऊन उभं राहिलं. कसाऱ्याच्या घाटात टेम्पो दरीत गेला, घरात रडारड, आणि त्याला कोणी आणायला गेलंच नाय. दिवस मावळला तरी तिथंच उभं होतं. तवापासून नुसतं उभं ठेवलं की त्याचं काळीज पळतं.

तुम्ही डोळे पुसले होते. म्हणले, ‘माझ्यापाशीच राहील, वहिनी.’

लई चांगलं ठेवलंत.

तुमचं पत्र आलं तसा ज्ञाना बॅग भरायला लागला. हरखून गेला, मास्तरांनी बोलावलं म्हणून. मग मी सगळं सांगितलं. पहिलं ऐकेचना. म्हणला, ‘आई, उन्हाची काढली असंल टोपी.’

‘सावलीत बसले होते की रे.’

मग बॅगेतून एकेक बूट बाहेर काढला आणि कोपऱ्यात नीट लावून ठेवला. तो येणार नाय. पुढच्या महिन्यात दिल्लीला स्पर्धा हाय, एकटाच जातोय. आता रोज सकाळी मी त्याला चहासाठी ताटकळत ठेवते. कपात ओतते, परत भांड्यात घेते, परत उकळते. पहिल्या दिवशी घामानं भिजला. आता बोंबलतो आणि हसतो. पुढच्या खेपेला काढा टोपी, बघू.

बटणं परत मागत नाय. पण आमच्या ओट्यावर येऊ नका.

बूट लावून झाल्यावर त्यानं एकच विचारलं. ‘आई, पण तू त्यांना कशाला सांगितलंस?’

‘भाऊ मानते म्हणून,’ मी म्हणले. त्याला पटलं.

दोन राखीपुनवा गेल्या, मास्तर, मी तुम्हाला राखी बांधली नाय. एकदा म्हणले बाजारात जायला जमलं नाय, एकदा म्हणले विसरले. तुम्ही दोन्ही वेळा नारळीभात खाल्ला, बोटं चाटली आणि ज्ञानाच्या सर्व्हिसवर बोलत बसला. समोरचा चेंडू कुठं टाकणार ते आधी ओळखणारा माणूस. मला वाटलं, कधीतरी विचाराल. विचारलं नाय.

पोराशी खोटं बोलले मी. भाऊ म्हणून नव्हतं सांगितलं, गोरक्ष.

नुसती
नवसा