पाहुण्याच्या घरची माती

३ जुलै १८७९

मळ्यातल्या वरच्या ओळीत द्राक्षाच्या वेली पिवळ्या पडल्यात. सगळ्या नाहीत, एकीला एक लागून असलेल्या तेवढ्याच.

लाझार म्हणाला, "ऊन लागलंय." ऊन नेमकं तेवढ्याच वेलींना कसं लागलं, असं विचारलं तर कुदळ खांद्यावर टाकून चालता झाला. माझा नवरा घाबरला की आधी चिडतो.

एक पान तोडून खिशात घातलं. घरी येऊन चुलीत टाकलं. कुणी बघितलं असतं तर —

४ जुलै

ईस्टरला खाली दक्षिणेत क्लोतिल्दकडे गेले होते, ते डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या धाकट्या बहिणीची अख्खी टेकडी नुसत्या काड्यांची झालीय. तिच्या नवऱ्यानं एक खोड उपटून दाखवलं होतं. मुळीवर मोहरीची पूड सांडल्यासारखं पिवळं काहीतरी. जवळ जाऊन बघितलं तर ती पूड चालत होती.

तिथले शाळामास्तर म्हणाले, ही ऊ मातीतून जाते. कुदळीला लागून, बुटाला लागून.

आमच्या फोलांज गावात तिचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं की येते म्हणे. 'पाहुणी' म्हणायचं. "खालच्या गावात पाहुणी आली," असं, कुणाच्या घरी जावई आल्यासारखं!

७ जुलै

धुण्याच्या हौदावर ओदीलनं विचारलं, "काय गं फिलिबेर्त, पाहुणा काय म्हणतो?" मला ऐकू आलं 'पाहुणी'. हातातली चादर सुटून पाण्यात गेली.

ती बिचारी संत व्हँसाँबद्दल विचारत होती. वेलींचा हा संत दर वर्षी गावातल्या एका घरी राहायला असतो, यंदा आमच्याकडे आहे. कोनाड्यात त्याची मूर्ती उभी, हातात द्राक्षांचा लाकडी घोस, नाकाचा टवका उडालेला. जानेवारीत तो आला तेव्हा मी आनंदानं रडले होते. आता त्याच्याकडे बघवत नाही. ज्या घरी पाहुणा त्याच घरी पाहुणी, हे कळलं तर लोक म्हणतील आम्हीच काहीतरी पाप केलं.

"चादर धुवायची असते, बुडवायची नसते," ओदील म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

९ जुलै

खणून बघितलं. पूड चालत होती.

लाझारला सांगितलं. तो पाव कुस्करत राहिला. मग म्हणाला, "तू काही बघितलं नाहीस."

"बघितलं."

"नाही बघितलंस. सरकारी माणसं लोखंडी पिचकाऱ्या घेऊन येतील, मुळात विष सोडतील. ऊ मरो न मरो, वेल मरते. आपली तर मरेलच, शेजाऱ्यांचीही मारतील. मग गाव आपल्याला जगू देईल?"

खरं आहे. पलीकडच्या गावात ज्यानं सरकारला कळवलं त्याचं दार जाळलं. आमचं गाव तर त्याहून घट्ट. प्लेग आला तेव्हा वेशीवरच्या क्रुसापाशी दगड रचून बसले, स्वतःची माणसंसुद्धा आत घेतली नाहीत. माझ्या आज्याच्या वेळी ऑस्ट्रियाचे शिपाई वाइन मागायला आले, तर त्यांना आंबट शिरका पाजला आणि तळघरांची दारं भिंतीमागे गडप केली. हे आम्ही अभिमानानं सांगतो. फोलांजची माणसं मरतील पण तोंड उघडणार नाहीत. मलाही लहानपणी फार छान वाटायचं ऐकायला.

१३ जुलै

चर्चसमोर पुरुषांची बैठक झाली. ठरलं — सरकारी माणूस गावात शिरू द्यायचा नाही. जो बोलावेल तो वाळीत. त्याच्या घरी कुणी विस्तवसुद्धा द्यायचा नाही. लाझारनं इतरांसारखा हात वर केला.

सगळ्यात मोठा आवाज जेर्बोबाबाचा. त्याचा मळा आमच्या मळ्याला लागून, मध्ये फक्त दगडी बांध. म्हातारा सत्तरीचा, पण वेली बघाव्यात त्याच्या! हिरव्यागार. उजाडायच्या आत मळ्यात हजर असतो. वसंतात गाड्याच्या गाड्या शेणखत टाकलं. रोज करंडीभर पाला सशांना नेतो.

मला बघून म्हणाला, "काय पोरी, तुमच्या वरच्या ओळी लिंबू खाल्ल्यासारख्या दिसतात?"

म्हटलं, "खत कमी पडलं, बाबा."

"नवऱ्याला जरा लवकर उठवत जा," म्हणाला आणि हसला.

१६ जुलै

फादर आले होते. बावीस तारखेला संत मादलेनचा सण. त्या दिवशी पाहुण्याला मळ्यांतून फिरवतात. यंदा साऱ्यांच्या पोटात भीती आहे, तेव्हा एकही मळा सुटायला नको, म्हणाले. "आणि फिलिबेर्त, भांडं मोठं घे. सगळ्यांना पुरली पाहिजे."

माती! मी विसरलेच होते. विसरले नव्हते, आठवायचं टाळत होते.

पाहुण्याच्या घरच्या मळ्यातली, वेलीच्या मुळाशी असलेली माती घ्यायची आणि घरच्या बाईनं आपल्या हातानं प्रत्येक मळ्यातल्या पहिल्या वेलीला चिमूट चिमूट द्यायची. तोच आशीर्वाद. माझ्या सासूनं दिली, तिच्या सासूनं दिली.

म्हणजे मी आमची माती गावभर वाटायची.

१७ जुलै

लाझारला म्हटलं, आजारी पडते. तो म्हणाला, मग ओदील देईल, माती तीच राहील. म्हटलं, फादरना सांगू या. तो उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं गोठ्यात गेले तर गाईच्या मानेत तोंड खुपसून उभा होता.

१९ जुलै

दुसरी माती द्यायची. पण कुठली? परसातली काळी आहे. नदीकाठची पांढरी. आमच्या वरच्या मळ्याची लाल, गंज चढल्यासारखी, आणि या गावातली शेंबडी पोरंसुद्धा चिमटीतली माती बघून मळा सांगतात. तशीच लाल माती आणखी एकाच ठिकाणी आहे. बांधापलीकडे.

त्याच्या वेली निरोगी आहेत. त्याचीच माती वाटली तर कुणाचं काय बिघडणार? आशीर्वाद निरोगी वेलीचा मिळाला तर देवही रागावणार नाही. लाझारला सांगायचं नाही. त्याला खोटं बोलता येत नाही, नुसतं गप्प बसता येतं.

२१ जुलै

केलं. दुपारी सगळे जेवायला घरी गेले होते. बांध ओलांडला. खुरपं घासून, उकळत्या पाण्यातून काढून नेलं होतं, बूट बांधावरच काढले. आपली घाण त्याच्याकडे जायला नको. जेर्बोबाबाच्या वेलीच्या मुळापर्यंत हात घातला. नजर सगळा वेळ रस्त्यावर. ओच्यात माती भरली आणि धावत सुटले.

भांड्यात ओतून वर फडकं बांधलं. बघायला म्हणून परत उघडलं नाही. लाझारनं विचारलं, "काढलीस?" मी मान डोलावली. त्यानं क्रूसाची खूण केली.

२२ जुलै

सगळा गाव होता. पुढे पाहुणा, मागे मी आणि भांडं. प्रत्येक मळ्यापाशी थांबलो. बायका माझा हात धरून चुंबत होत्या. ओदीलनं आपल्या तान्ह्याला माझ्या बोटांची माती लावली. मला एकदाही रडू आलं नाही, याचं नवल वाटलं. उलट हलकं वाटत होतं. वाटत होतं, या सगळ्यांना मी वाचवलंय आणि कुणाला माहीतही नाही.

जेर्बोबाबाच्या मळ्यात त्याचीच माती त्याला देताना मात्र तोंड फिरवलं. म्हातारा गुडघ्यावर बसला होता. डोळ्यांतून पाणी. "भर पोरी, हात आखडू नको. माझ्याकडे जरा जास्त टाक."

मूठभर टाकली.

२८ जुलै

आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

४ ऑगस्ट

उन्हाचा कहर. आमची वरची ओळ वाळली. लाझार म्हणतो तोडणी झाली की उपटू, म्हातारी झाली होती म्हणून सांगू. 'सांगू' म्हणाला, तेवढंही पुष्कळ.

जेर्बोबाबा आठवडाभर मळ्यात दिसला नाही. सशांना पाला कोण नेतो?

९ ऑगस्ट

बांधापलीकडे सगळं पिवळं झालंय. एकदम, वरपासून खालपर्यंत. खत, ऊन, काहीतरी असेल. असू दे देवा, उन्हाचंच असू दे.

१० ऑगस्ट

संध्याकाळी जेर्बोबाबा आला. टोपी हातात, दाराशीच उभा. लाझारनं बाक पुढे केला. म्हातारा माझ्याकडे न बघता बोलला. पाहुणी त्याच्याकडे गेल्या वर्षीच आली होती. रोज पहाटे पिवळी पानं खुडून करंडीत भरत होता, कुणाला दिसू नयेत म्हणून; आता ते पुरं पडेना. ससे केव्हाच खाऊन टाकले होते. "तुमच्याकडेही माझ्याकडूनच आली असणार. मला माफ करा. गावाला मी उद्या सांगतो."

मग पाहुण्याकडे बघून त्यानं क्रूसाची खूण केली. "एक बरं झालं, पोरी. यंदा हा तुमच्या घरी होता. माझ्या घरी असता तर माझी माती गावभर गेली असती."

लाझार म्हणाला, "देवाची कृपा."

मीही म्हणाले.