रविवारसाठी जुना पंप

शुक्रवार, ३ नोव्हेंबर २००६
चावी फिरवत राहिले. सेल्फ घरघरतो, इंजिन पकडत नाही. पुलाचा ऐन चढ, मागे हॉर्न. एक रिक्षावाला वाकून: "मॅडम, धक्का देऊ की वर्गणी काढू?" थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली, काही झालंच नाही अशी. लोणी काळभोरच्या कॉलेजात पोहोचले तोवर पहिला तास संपलेला. मुलं कँटीनमध्ये.
घटस्फोटात मिळालेली एवढी एकच वस्तू, ही गाडी.

रविवार, ५ नोव्हें.
साळवींच्या नव्या फ्लॅटचं जेवण. अविनाशलाही बोलावलं होतं. साळवी दोघांचे मित्र राहू पाहतात. ताटं हातात, सगळे उभे. अविनाश मोठ्याने: "सहा वर्षं माझ्याकडे लोण्यासारखी चालली गाडी. हिच्याकडे गेली आणि बिचारी आजारी पडली." सगळे हसले. माझे बाबाही हसले. सवयीने असेल.
मग मला, हळूच: "विकून टाक. तुला बस बरी."
गुलाबजाम ताटात तसाच ठेवून आले. हे मी विसरणार नाही.

बुधवार, ८
गॅरेजवाल्याने प्लग बदलले. फरक नाही. आता म्हणतो, इंजिन उघडावं लागेल. "साहेबांना पाठवा ना, मी त्यांना समजावून सांगतो."
"साहेब नाहीत."
"मग संध्याकाळी पाठवा."
गाडी घेऊन आले. आता स्वतःच बघणार.

शनिवार, ११
मिलिंदने त्याच्या कारखान्यातून प्रेशर गेज आणला. धाकट्या भावाचा उपयोग झाला एकदाचा. पार्किंगमध्ये सकाळभर. वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसला.
आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग गेज जोडला, फ्यूज परत. तीन बार हवेत. आले दोनच्या खाली. रेस दिली की काटा आणखी खाली. फिल्टर नवा घातला. तेच. मग टाकीकडे परत जाणारा पाइप पकडीने दाबून धरला. रेग्युलेटर खराब असता तर काटा उडाला असता. जेमतेम हलला.
म्हणजे टाकीतला पंप.
मिलिंद: "ताई, हे एमएला होतं का गं?"
"तुझ्या डिप्लोमाला तरी होतं का?"

रविवार, १२
मागचं सीट उचललं, खालचं झाकण उघडून पंप बाहेर काढला. जाळी काळ्या गाळाने गच्च. मिलिंद म्हणाला, टाकी कायम तळाला ठेवली की पंप पेट्रोलात बुडत नाही. तापतो. हळूहळू मरतो. वर तळाचा सगळा गाळ ओढतो.
अविनाशने आधी वीस वर्षं स्कूटर चालवली. गाडी आली तरी काटा सदैव लाल रेघेवर आणि "शंभरचं टाक". मी म्हणायचे, टाकी भर एकदा. तो: "पैसे टाकीत कशाला सडवायचे? रिझर्व्हवर जाते अजून." गाडीला रिझर्व्हचा कॉक नसतो, हे त्याने शेवटपर्यंत मानलं नाही.
पंप त्याने मारला. हसले मला.

सोमवार, १३
नाना पेठेतून नवा पंप आणून बसवला. काटा तीनवर. रेस दिली तरी तीन.
आनंद व्हायला हवा होता. पण ते सगळे अजून हसलेलेच आहेत.
मिलिंद जुना पंप फेकायला निघाला. म्हटलं, राहू दे. "लोणचं घालणारेस?" अविनाशच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, असं मनात होतं. पुढे काय बोलायचं ते जुळेना. तो काहीतरी बोलेल, आणि पुन्हा हसतील.

गुरुवार, १६
अविनाशचा फोन. रविवारी सासवडला साखरपुडा. त्याचाच. त्याची नवी गाडी कुणीतरी ठोकली, डेंटिंगला आहे. "साळवी सांगत होता, तुझी मस्त झालीय. एक दिवस दे. तुला रविवारी कुठं जायचंय?"
"तुझ्या आई येतायत?"
"नाही गं, तिला प्रवास झेपत नाही. मी आणि दोघं मित्र." मग म्हणाला, "शेवटी गाडी माझीच की."
बघते, म्हटलं. सासवडला म्हणजे दिवे घाट चढून.

शुक्रवार, १७
वर्गात पाठ घेताना दोनदा अडखळले.
जुना पंप सपाटीला चालतो. गावात कळणारही नाही. घाटात, गाडीत माणसं, दुसऱ्या गियरला… धोका नाही. नुसती थांबेल. कडेला घेता येईल एवढा वेग राहतो, मला माहीत आहे. मग पाहुणे वाट बघत बसतील. मग तो कुणाला काय सांगेल?
फोन केला. ये म्हटलं, सकाळी.

शनिवार, १८
दुपारी एकटीने. सीट वर, झाकण, नवा बाहेर, जुना आत. हात आता चुकत नाहीत. पेट्रोलाचा वास साबणाने जात नाही. मिलिंदला सांगितलं नाही. गेज लावून पाहिला. दोनच्या खाली. चौकापर्यंत चक्कर मारली. छान चालली.

रविवार, १९
सकाळी तो आला. रिक्षातून मागोमाग आई उतरल्या. जरीची साडी, गुडघ्याला पट्टा. रात्री एकदम म्हणाल्या म्हणे, येतेच. माझा हात धरला. "बरी आहेस ना गं? गाडी दिलीस. मन मोठं तुझं."
काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलंही. अविनाश म्हणाला, "चल, चल, उशीर होतोय," आणि माझ्या हातातून किल्ली घेतली.
वर धावत जाऊन पाण्याची मोठी बाटली आणि छत्री आणली, आईंच्या मांडीवर ठेवली. "घाटात ऊन लागतं."
"अगं, गाडीत कसलं ऊन?"
पहिल्या सेल्फला सुरू झाली. गेटबाहेर डावीकडे वळली. नवा पंप ओट्यावर आहे, मिक्सरशेजारी. मी फोनपाशी बसले आहे.