मुरांब्याच्या व्याख्यानाला तिकीट

रत्नागिरी, मंगळवार, १० एप्रिल १९८४

तिकीट तीन रुपयेच राहील. आज काकांनी पुन्हा सुनावलं, "व्याख्यानाला तिकीट? अगो, वक्त्याला लोक नारळ देतात. वक्ता लोकांकडे पैसे मागत नाही!" "मग तुमच्या नाटकाला कसं लावता?" म्हटलं, तर चहा अर्धा टाकून उठले. उलट बोलायला नको होतं का? पण मी खोटं काय बोलले?

मागच्या खेपेला फुकट ठेवलं होतं. सभागृह भरलं, बायकांनी मुरांब्याची सगळी कृती वहीत उतरवून घेतली, आणि विकायला नेलेल्या बरण्या मी तशाच घरी आणल्या. सभागृहाचं भाडं पदरचं गेलं. आता तीन रुपये घेईन आणि पाकाची तार बोटांत धरून दाखवीन, काही लपवणार नाही.

तरी एक टोचत होतं. मुरांब्याची ही विद्या आईची, तिचे पैसे मी घ्यायचे? संध्याकाळी तिलाच विचारलं. तिने कनवटीचे तीन रुपये पुढे केले. "पहिलं तिकीट मला दे. आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, कुणी किंमत केली नाही."

घेतले. तीन रुपयेच. पण तिची खुर्ची समोर नाही, व्यासपीठावर, माझ्या शेजारी.