हाताला येणारी कुत्री

४ डिसेंबर, सोमवार

आज पेपरात फोटो. त्याचा! फुटपाथवर मांडी घालून बसलाय, मांडीवर एका तांबड्या कुत्र्याचं डोकं, खाली मथळा — ‘शहराचा श्वानमित्र’. फोटोच्या कडेला एक कोपर दिसतंय. ते माझं. पालिकेची मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी मी, रेबीज प्रतिबंधाचा अख्खा कार्यक्रम चालवते मी, लसींसाठी दरवर्षी वरच्यांशी भांडते मी — आणि छापून आलं काय, तर कोपर!

शिपायाने कात्रण कापून फलकावर लावलं. बरोबर माझ्या केबिनच्या दारासमोर. मी म्हटलं, छान आलाय हं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

संध्याकाळी यांना दाखवलं. यांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, कोपर मात्र झकास आलंय. मी यांच्या ताटात लोणचं वाढलं नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

जूनमध्ये हा नवा पशुवैद्य माझ्या हाताखाली रुजू झाला. ऑफिसात सगळे त्याला ‘दादा’ म्हणतात. कुत्री पकडणाऱ्यांचा मुकादमसुद्धा, जो त्याच्या बापाच्या वयाचा आहे! मी इथे, या वहीत, लाडोबा म्हणते. लाडोबाच आहे. त्याला कुणी रागावत नाही.

लाडोबा जाळं वापरत नाही. गल्लीत जातो, उकिडवा बसतो, तोंडाने चक्‌चक्‌ करतो. कुत्री शेपट्या हलवत येतात. एका हाताने मान खाजवायची, दुसऱ्या हाताने लस टोचायची, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा म्हणजे लस झालेलं कुत्रं ओळखू येतं. झालं काम. बायका गॅलरीतून बघत असतात. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी.

आणि मी? माझी गाडी वळणावर आली की अख्खी गल्ली रिकामी. इंजिनाचा आवाज ओळखतात. मी खाली उतरायच्या आत चारी दिशांना पांगतात आणि लांबून माझ्या नावाने शंख करतात. मग मुकादमाची माणसं जाळी घेऊन धावतात, एकेक कुत्रं धरून आणतात. इतकी वर्षं यांच्यासाठी खपले. पिसाळून मरू नयेत, विष घालून कुणी मारू नयेत, म्हणून कुणाकुणाच्या शिव्या खाल्ल्या. आणि हा काल आलेला पोरगा — त्याच्या मांडीवर डोकं!

पोटात दुखतं माझ्या. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय?

७ डिसेंबर, गुरुवार

साहेबांनी, म्हणजे आयुक्तांनी बोलावलं होतं. दोघांनाही. पुढच्या शुक्रवारी, पंधरा तारखेला आढावा बैठक. कार्यक्रम आता मोठा होणार, स्वतंत्र कक्ष, त्याला पूर्णवेळ प्रमुख. म्हणजे मी पालिकेच्या दवाखान्यात गाईम्हशींचे दाखले देत बसायचं आणि हे सगळं, मी शून्यातून उभं केलेलं, दुसऱ्याच्या हातात. साहेब म्हणाले, दोघांची कामं बघून ठरवू.

शहराचा पूर्व भाग त्याच्याकडे, पश्चिम माझ्याकडे. त्याचा आकडा माझ्या कितीतरी पुढे. साहेब त्याच्याकडे बघून हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचा अनुभव आहेच.

अनुभव! अडगळीत टाकायच्या वस्तूला म्हणतात तसं म्हणाले.

८ डिसेंबर, शुक्रवार

लाडोबाने माझ्या टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला. कुत्र्यांना घालतो तोच! खाल्ला नाही.

दोन खाल्ली.

१० डिसेंबर, रविवार

सापडलं! सापडलं!!

सकाळी यांची टोपी घातली, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि पायी निघाले त्याच्या भागात. गाडी नाही, माणसं नाहीत. आकडा फुगवलाय अशी मला शंका होतीच. रंगाची कुत्री किती, बिनरंगाची किती, गल्ली गल्ली फिरून बघायचं. ही तपासणी आम्ही नेहमीच करतो, फक्त टोपी घालून करत नाही.

दुकानांच्या रस्त्यावर सगळी रंगीत. धष्टपुष्ट, लाडावलेली. नोव्हेंबरच्या फेरीचा हिरवा पट्टा, या महिन्याच्या फेरीचा निळा. निळा फक्त नोव्हेंबरात राहून गेलेल्यांना मारायचा. तरी जिकडेतिकडे निळा! मी खाली बसले. एक काळं कुत्रं आलं — चक्क आलं माझ्याजवळ, टोपीमुळे फसलं बिचारं. त्याच्या डोक्यावरचे केस बाजूला केले. निळ्याच्या खाली धुळीत विटलेला हिरवा! दुसऱ्याचं बघितलं. तेच. तिसऱ्याचंही तेच.

म्हणजे लबाडी नाही. त्याहून गंमत आहे! हाताला येणारी तीच तीच कुत्री परत परत येतायत, आणि हा त्यांनाच परत परत टोचतोय. आधीचा पट्टा विटलेला, केस बाजूला करून बघायचं याला सुचलं नाही. प्रत्येकाची नव्याने मोजदाद.

मग जी हाताला येत नाहीत ती कुठे? धान्याच्या गोदामांच्या मागे गेले. तिथे होती. हडकुळी, बुजरी, दगड खाऊन शहाणी झालेली. मला बघताच भिंतीखालच्या भगदाडातून पसार. एकाच्याही डोक्यावर रंग नाही. एकाच्याही! हीच खरी धोक्याची. माणसाला भितात तीच चावतात.

माझ्या भागात असं व्हायचंच नाही. जाळ्यात एकदा सापडलेलं कुत्रं मला जन्मात दुसऱ्यांदा सापडत नाही! त्यांनी मला भ्यावं हेच बरं होतं म्हणायचं. आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटतायत. येताना टपरीवर उभं राहून दुप्पट साखरेचा चहा घेतला.

११ डिसेंबर, सोमवार

यांना सगळं सांगितलं. शुक्रवारी भर बैठकीत सांगणार, त्याचं तोंड बघण्यासारखं होईल, असंही सांगितलं.

हे शाळेत गणित शिकवतात, सगळ्याचं उत्तर लगेच हवं असतं यांना. म्हणाले, “अगं, मग आजच सांग ना त्याला. शुक्रवारपर्यंत कुत्री थांबणार आहेत का?”

मी म्हटलं, चार दिवसांनी आभाळ कोसळत नाही. आज सांगितलं तर तो धावत जाऊन दुरुस्त करेल आणि वर शाबासकीही घेईल. यांनी लाल पेन उघडलं. पेपर तपासत बसले. मला यांचं हे गप्प बसणं अजिबात आवडत नाही.

१३ डिसेंबर, बुधवार

लाडोबा सकाळी केबिनमध्ये आला. दार लोटून घेतलं. मला वाटलं रजा मागतोय. कानापर्यंत लाल झाला होता.

“मॅडम, मला जाळं टाकायला शिकवाल? गोदामांकडची कुत्री हाताला येतच नाहीत. मी चार-पाच वेळा जाऊन आलो. मुकादम म्हणाले, जाळं टाकावं तर मॅडमनीच.”

म्हणजे याला कळलंय! निम्मं का होईना, कळलंय. आज शिकवलं तर उद्या गोदामं उरकेल, परवा बैठकीत माझ्या हातात काय राहील? मी फाइल उघडली. म्हटलं, बैठकीनंतर बघू. तो म्हणाला, निदान मुकादमांना एक दिवस माझ्याकडे पाठवता का? म्हटलं, माझीच माणसं अपुरी पडतायत.

अपुरी पडत नाहीत. दुपारी मुकादम आणि त्याची माणसं गाडीच्या सावलीत पत्ते खेळत होती. मी बघितलं आणि पुढे गेले.

“बरं मॅडम,” म्हणाला आणि गेला. जाताना दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तरी एक गोष्ट छातीत जाऊन बसली आहे. मुकादम म्हणाला — टाकावं तर मॅडमनीच. माझ्या तोंडावर कधी म्हणाला नाही तो.

१५ डिसेंबर, शुक्रवार

बैठक झाली. जिंकले.

नकाशा लावला. दुकानांचा रस्ता, गोदामं, निळ्याखालचा हिरवा — सगळं सांगितलं. एकदाही अडखळले नाही. टोपीचं तेवढं सांगितलं नाही. साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी त्याला विचारलं, हे खरं आहे का? आता बघू कशी बोबडी वळते, म्हणून मी खुर्चीत मागे टेकून बसले.

तो उभा राहिला. म्हणाला, “मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, सर. माझी मोजणी चुकली. मला जाळं टाकता येत नाही. शिकायचं राहून गेलं.”

राहून गेलं! मी नाही म्हटलं, माणसंही दिली नाहीत, हे चकार शब्दाने नाही. साहेबांसमोर मला तोंडघशी पाडायची आयती संधी होती. खाली बसला, वहीत काहीतरी लिहायला लागला.

प्रमुख मीच. साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि बाहेर आल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले. पाठीवर हात काय, चहा काय! पद माझ्या पदरात आणि मोठेपणा त्याच्या. हेही त्यालाच मिळायला हवं होतं का?

१६ डिसेंबर, शनिवार

गोदामं उरकली. मी स्वतः जाळं टाकलं, त्याला शेजारी उभं करून दाखवलं. भगदाड आधी बुजवायचं, वाऱ्याची दिशा बघायची, जाळं कुत्र्यावर नाही, ते पळणार त्या जागेवर टाकायचं, आजारी वाटेल ते टोचून सोडायचं नाही, पिंजऱ्यात ठेवायचं. तिसऱ्या वेळी त्याला जमलं! मला तीन वर्षं लागली होती. जळो मेलं.

सगळी सापडली, एक सोडून. रविवारी एक भुरकट कुत्री बघितली होती, ती दिसली नाही. मुकादम म्हणाला, गेली असेल कुठेतरी, बाई.

२८ डिसेंबर, गुरुवार

केबिनला नवी पाटी. कुणी बघितलीसुद्धा नाही. लाडोबाच्या वाढदिवसाला मात्र मुकादमाने केक आणला! मला एक तुकडा आणून दिला लाडोबाने स्वतः. गोड लागला नाही.

१७ जानेवारी, बुधवार

पश्चिमेत आज त्याला पाठवलं होतं. माझी कुत्री — माझी! — त्याच्याकडे गेली. ड्रायव्हर कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, पेट्रोल किती जळलं ते सांगा आधी.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी त्याचा फोन आला. साथरोग रुग्णालयातून. गोदामातल्या एका हमालाला काल रात्री आणलं. पाण्याचा पेला पुढे केला की घसा आवळतो, पंख्याचा वारासुद्धा सहन होत नाही. हाताला भुरकटसं कुत्रं चावलं होतं. त्याने फडकं बांधलं आणि पोती उचलायला गेला. इंजेक्शन घ्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता काही करता येत नाही. मला ठाऊक आहे, फोन करणाऱ्यालाही. हमालाची बायको बाहेर बाकावर बसली आहे. तिला दिवस पक्का आठवतो, मुलीची परीक्षा संपली होती त्या दिवशी. गुरुवार, चौदा डिसेंबर.

तारीख सांगून तो थांबला. आदल्याच दिवशी तो माझ्या केबिनमध्ये आला होता. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही येऊ नका. मी बसतो त्यांच्यापाशी.”

त्याने विचारलं होतं. रात्री तो घरी जाईल तेव्हा त्याला झोप लागेल. इतका हेवा मला त्याचा कधीच वाटला नव्हता.