मिठाच्या बरणीवरच्या खिळ्याला

पपा, आज शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस. चर्चमधली मिस्सा आटोपून मी दोह्याच्या बिन महमूद भागातल्या माझ्या फ्लॅटवर आले आहे आणि तुमच्यावर भयंकर चिडले आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आता कसला राग, असं तुम्ही म्हणाल. पण दारामागे एक लाल टोपी लटकते आहे, ती दिसली की माझं डोकं पुन्हा फिरतं.

टोपी वेल्सच्या लोकांची. फुटबॉलचा वर्ल्ड कप इथे दोह्यात झाला, त्या वर्षी ते चौसष्ट वर्षांनी त्या स्पर्धेत आले होते. इंग्लंडला लागून असलेला छोटासा देश. मी तर त्याला इंग्लंडच समजायची. आमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपीला एक वेल्श बाई होती, तिने माझी ही चूक पहिल्याच दिवशी सुधारली. त्या वर्षभर तिने आमचं डोकं खाल्लं. संघ पात्र ठरला तेव्हा अख्ख्या मजल्याला केक वाटला, आणि तिच्या देशाला आम्ही तिच्याच भाषेत ‘कमरी’ म्हणायचं, हा हट्ट. मला हसू यायचं. चांगलं इंग्रजी येत असताना कशाला हा आटापिटा? हा प्रश्न तुमचा होता पपा. तुम्ही तो माझ्या डोक्यात घालून ठेवला होता.

तिने आम्हाला दोन तिकिटं दिली. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. शुक्रवारची दुपार, टळटळीत ऊन, आणि समोरचा सगळा स्टँड लाल टोप्या घालून आपल्या भाषेत गातोय. म्हातारे, बाया, खांद्यावरची पोरं, सगळे. शेवटच्या मिनिटांत दोन गोल खाऊन हरले, तरी गात राहिले. परतताना मेट्रोत मी त्या वेल्श बाईला विचारलं, “तुमच्यात सगळ्यांना येते ही भाषा?”

“कुठली! माझ्या आईला येत नव्हती. मी मोठेपणी शिकले.” मग तिने तिच्या पणजीच्या शाळेतली गोष्ट सांगितली. वेल्श बोलताना पोर सापडलं की गळ्यात दोरी बांधलेला लाकडाचा तुकडा घालत. दुसरं कुणी बोललं की तो त्याच्या गळ्यात जायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल, त्याला छड्या.

“आमच्याकडेही होता,” मी म्हटलं.

“शाळेत?”

“नाही. घरी. किचनमध्ये.”

तिच्या देशाने हे शंभर वर्षांपूर्वी सोसलं, आणि ते करणारे परके होते, असं ती म्हणाली. आमच्याकडे करणारे माझे वडील होते, हे सांगायची मला लाज वाटली.

कुठल्याशा कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची, मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात पाटी घालायची युक्ती तुम्हाला इतकी आवडली की तुम्ही सुताराकडून तशीच पाटी करून घेतलीत. मिठाच्या बरणीवरच्या खिळ्याला ती टांगलेली असायची. सकाळी झोपेतून उठताना माझं पहिलं वाक्य मराठीच निघायचं, आणि तुम्ही ऑफिसला निघण्याआधी पाटी माझ्या गळ्यात घालायचात. दुसरं कुणी मराठी बोललं की पाटी त्याच्याकडे जायची, आणि संध्याकाळी रोझरीची जपमाळ हातात घ्यायच्या वेळी ती ज्याच्या गळ्यात असेल, त्याने एकट्याने भांडी घासायची. ऑफिसातला साहेब तुमच्या इंग्रजीला हसला होता, हे मला माहीत आहे. तुमच्यामुळेच मला इथली नोकरी मिळाली, हेही माहीत आहे. पण आईचं काय? तिला आपली वसईची बोली सोडून दुसरं काही येत नव्हतं. तुम्ही रोझरीसुद्धा इंग्रजीत केलीत, तेव्हा जी बाई अख्ख्या आळीची रोझरी सांगायची, ती नुसते ओठ हलवू लागली. स्वतःच्या चुलीपुढे तुम्ही तिला मुकी केलीत, पपा. कोणी दिला होता तुम्हाला हा अधिकार?

त्या मॅचच्या संध्याकाळी आम्ही वसईला व्हिडिओ कॉल केला. लाल टोपीतली नात बघून आईचा चेहरा फुलला. ती म्हणाली, “गुड. गुड. फाइन?” नात म्हणाली, “फाइन, नाना.” आजीला ती नानाच म्हणते. मग दोघी नुसत्या हसत राहिल्या. मी म्हटलं, “आई, मराठीत बोल ना तिच्याशी, तिला समजतं.” आईने हसत हसत गळ्याला हात लावला. अजून, इतक्या वर्षांनी. आता तर तिला नीट ऐकूही येत नाही. या दोघींचं एक धड बोलणं व्हायच्या आत आई जाईल, या विचाराने माझा जीव जळतो.

खरं तर हे पत्र इथेच संपवता आलं असतं, सगळा दोष तुमच्यावर टाकून. पण पाटी आईच्या गळ्यात तुम्ही एकदाही घातली नाहीत. ती मी घालायची. शाळेतून आले की पाटी पुन्हा गळ्यात अडकवून मी अंगणात गुडघा धरून रडायला लागायची. आई हातातलं काम टाकून धावत यायची. “काय झालं गो बाय? कुठं लागलं?” आणि मी गळ्यातली पाटी काढून तिच्या गळ्यात घालायची. भांडी तशीही तीच घासते, असा माझा हिशेब. ती मान पुढे करायची, आणि तरी आधी माझा गुडघा बघायची.

लागलेलं कधीच नसायचं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.