नाव न घेण्याचं नातं

दरेकसा
३ ऑगस्ट २०२५

हर्षाच्या मायले नमस्कार.

इकडं सारे बरे आहोत. धानाचा रोवणा आटपला. औंदा पाऊस बरा आला, बांध्या भरल्या. माझे गुडघे काही चिखलात उतरू देत नाहीत, म्हणून मी धुऱ्यावर बसूनच बायांवर ओरडत होती. तू गोंदियाले लेकीच्या घरी पंख्याखाली. मजा आहे बाई तुझी!

फोन कायले नाही केला म्हणशील. मागं केला होता, तू "हो, हो" म्हणून ठेवून दिला. कागद तरी पुरा वाचशील.

आपला बचत गट पुन्हा सुरू झाला. आगीनंतर अर्ध्या बाया तुझ्याकडून, अर्ध्या माझ्याकडून, बैठकच बंद पडली होती. आता रविता अध्यक्ष आहे. तिनं नियम काढला. भांडण जिचं, तिनं पहिलेपासून सांगाचं, मधात कोणी तोंड घालाचं नाही. मंग समोरचीच्या जागेवर बसून तिच्या तोंडानं सांगाचं. मी म्हटलं, "असले नाटकं माझ्याच्यानं होत नाहीत."

"काऊन काकू? घरी बसून इतकी वर्सं तेच तर करून राहिल्या," म्हणते कशी!

सांगतलं मंग. तू मोहाच्या झाडाखालचा पाला जाळला, वारा फिरला, माझा गाईचा कोठा गेला, तणसाचा ढीग गेला. गाय तेवढी वाचली. रविता म्हणे, "हे पहिलेपासून नाही."

पहिलेपासून म्हणजे आपण दोघी एकाच साली सुना होऊन या गावात आलो, तिथून. पहाटे टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचाले जाणं. त्या दिवशी झाडाखाली अस्वल दिसलं, आन आपण टोपल्या फेकून पळत सुटलो, आठवते? अन् ते निघाले तुझे सासरे, काळं घोंगडं पांघरून बसलेले! बाया हसून हसून लोटपोट. मी पण हसली. किती दिवसांनी तुझ्या नावानं हसली मी.

मंग तुझ्या जागेवर बसली. म्हटलं, "मी आग नाही लावली, पाला जाळला. दरसाल साऱ्याच जाळतात. वारा माझ्या हातात होता का? विझवाले गेली तर पदर जळला. साऱ्या गावानं घेरलं, आन माझी सोबतीण पण त्यांच्यातच उभी." तिथूनच अर्ध्यात उठली मी. रवितानं पाणी दिलं.

कोठ्याचं दुःख कवाच संपलं. नवा बांधला, टिनाचा. बैठकीतही जे सांगता आलं नाही, ते आता लिहून राहिली.

सुना होऊन आलो त्याच साली, राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर तू माझ्या कानात गव्हाचे पिवळे कोंब खोचले, मी तुझ्या. झालो भोजली, जन्माच्या सोबतिणी. मंग मरेपर्यंत एकमेकीचं नाव घ्याचं नाही, फक्त 'भोजली' म्हणाचं. नाव घेतलं की नातं तुटलं, असा सासूनं दम दिला होता. हर्षाच्या लग्नाच्या गडबडीतही तू कधी चुकली नाही. आन आगीच्या दिवशी साऱ्या गावासमोर म्हटलं, "देवका, तुझ्या कोठ्याले मी काय करू!"

घरी येऊन चुलीपुढं रडली मी. लोकांले वाटलं, कोठ्यासाठी. साऱ्या जगानं मले देवका म्हणावं, तू कायले म्हटलं?

राग आहे अजून. खोटं कायले बोलू? पण तुझ्याबिगर करमत नाही, हे पण खरंच आहे.

टोपलीत गहू पेरले. अंधाऱ्या खोलीत कोंब फुटून राहिले. तुटलेली भोजली जुळत नाही, असं सासू म्हणे. सासू गेली, आता तिले विचाराले कोण जाते? राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ये. तुझी बाजू मी सांगतली ती अर्धीच. उरलेली तू सांग. शिव्या द्याच्या असतील तर दे, मधात बोलणार नाही.

नाही आली तरी टोपली तलावात सोडाले मी जाईन. पण दुसऱ्या कोणाच्या कानात कोंब खोचणं आता या वयात माझ्याच्यानं होत नाही.

तू काहीही म्हण, तुझीच
भोजली